कशी झाली ट्रिप?

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आम्ही पाच जण सिंगापूरला जाऊन आलो. मी, मिस्टर, सासूबाई (वय ७१), यंदा दहावीला गेलेला मुलगा आणि चौथीतली मुलगी. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. घराण्यात परदेशात जाणारे आम्हीच पहिले. टूर कंपनीबरोबर पाच रात्री, सगळं धरून सव्वासहा लाख गेले.

खरं सांगू? मजा आली की नाही तेच मला कळत नाहीये. शहर चकाचक, पण आम्ही नुसते पळत होतो. पहिल्याच दिवशी त्या सिंहाच्या पुतळ्यापाशी माझं नि मिस्टरांचं कडाक्याचं भांडण झालं, तेही फोटोवरून. मुलगा मोबाइलमध्ये. मुलगी थीम पार्कच्या रांगेत रडली. सासूबाईंचं पहिल्यापासून ‘यापेक्षा काशी झाली असती’ चालू. पण त्यांनाच हॉटेलच्या नळाचं एवढं अप्रूप की रोज बाटल्या भरून ठेवायच्या, शेवटी एक बाटली बॅगेत घालून सोलापूरला आणली. एका देवळाबाहेर कुणा तमिळ बाईशी कन्नडमध्ये अर्धा तास बोलत बसल्या, बस चुकायची वेळ आली. मिस्टर हॉटेलचे टॉवेल उलटेपालटे करून बघत बसले. जेवायला जाऊ तिथे सत्तरीच्या आजीबाई ताटं उचलायच्या, ते बघून मला घास जाईना.

परत आल्यापासून भिशीत, लग्नात, सगळीकडे ‘कशी झाली ट्रिप?’ मी ‘मस्त’ म्हणते आणि घरी आल्यावर मला कसंतरी होतं. आता धाकट्या जाऊबाई दिवाळीत त्याच टूरबरोबर जायचं म्हणतायत. त्यांनी विचारलं, ‘खरं सांगा, जाऊ का?’ मिस्टर म्हणतात, एवढे पैसे घातल्यावर नावं ठेवायची नाहीत. मी काय सांगू? आणि एवढं करून कुरकुर वाटते म्हणजे मीच कृतघ्न आहे का?

एक वाचक, जुळे सोलापूर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तक्रार दिसली. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती, आणि चार ठिकाणी खुणा झाल्या. त्या खुणांकडे येतेच, पण आधी तुमचं भांडण निकालात काढू, कारण ते सगळ्यात सोपं आहे.

तुम्ही प्रवासाच्या वेळा लिहिलेल्या नाहीत. पण सोलापुरातून परदेशी निघालेलं घर कसं जातं ते मला ठाऊक आहे. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस. निघायची गडबड आणि शेंगाचटणीचे डबे मोजणं यात डोळ्याला डोळा नाही. सकाळी मुंबईत कुणा नातेवाइकाच्या हॉलमध्ये बॅगा राखत दिवस काढायचा. रात्री विमान, तेही साडेपाच तासांचं, म्हणजे डोळा लागतोय न लागतोय तोवर जेवणाचा ट्रे येतो. तिथे उतरल्यावर हॉटेलची खोली दुपारशिवाय ताब्यात मिळत नाही, म्हणून टूरवाले माणसं तशीच पारोशी बसमध्ये घालून शहर दाखवायला नेतात. म्हणजे त्या सिंहासमोर तुम्ही दोघं उभे राहिलात तेव्हा दोन रात्रींची झोप थकलेली होती. त्यात तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. सकाळी साडेसहाला विमान उतरलं असेल, ते तुमच्या अंगाला पहाटे चारला उतरलं. आमच्या घरात पहाटे चारला कुणाला उठवून ‘जरा हसा, फोटो काढू’ म्हटलं, तर फोटो काढणाऱ्याची धडगत नाही.

आणि तो उकाडा. सोलापूरच्या माणसाला उन्हाची कसली भीती, आपण मे महिन्यात त्रेचाळीसला लग्नाच्या पंगती उठवतो, असं मलाही वाटायचं. २०१८ साली मी भाचीकडे सिंगापूरला तीन आठवडे राहिले. पारा बत्तीसच्या आसपास, आणि मी तिसऱ्या दिवशी रडकुंडीला आले. आपलं ऊन कोरडं असतं. घाम येतो, उडून जातो आणि उडताना अंग गार करतो. आपला कूलर त्याच जोरावर चालतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर, हवा बारा महिने ओली. घाम उडायला जागाच नाही, तो अंगावर बसून राहतो. तिथे कूलर लावला तर ओलं फडकं तोंडावर धरल्यासारखं होईल. तेव्हा त्या भांडणावरून संसाराचा काही निष्कर्ष काढू नका. हा परिच्छेद मिस्टरांनाही वाचून दाखवा. सगळं पत्र नको, एवढाच.

आता तो सिंह. त्याला बघून हिरमोड झालेल्या तुम्ही पहिल्या नाही. मला वाटलं होतं, एवढं नाव आहे तर निदान सिद्धेश्वरच्या कळसाएवढा तरी असेल. उंची ८.६ मीटर, आपल्या दुमजली घराच्या गच्चीपेक्षा थोडी जास्त. मासळीचं अंग, सिंहाचं तोंड, तोंडातून पाणी. मी भाचीला विचारलं, यामागची कथा काय? पुराण काय? ती म्हणाली, मावशी, पुराण असं काही नाही. १९६४ साली त्यांच्या पर्यटन मंडळाने बोधचिन्ह म्हणून ते घेतलं, १९७२ साली पुतळा उभा केला. १९९७ साली समोर पूल झाला, पुतळा दिसेना, म्हणून २००२ साली उचलून थोडा पलीकडे नेऊन ठेवला. ‘सिंहपूर’ या नावाला तेवढी जुनी दंतकथा आहे, एका राजपुत्राला तिथे सिंह दिसल्याची. बाकी सगळं आपल्या डोळ्यांदेखतचं. गंमत म्हणजे हे ऐकल्यावर मला तो पुतळा आवडायला लागला. पर्यटकांनी यावं म्हणून केलेला पुतळा, आणि पर्यटक आले. सरळ व्यवहार.

पण तुम्ही एक काम करा. मुलाच्या मोबाइलमधून त्या पुतळ्याचे फोटो काढा आणि सिंह ज्यात चूळ टाकतोय ते पाणी बघा. सगळ्यांना तो समुद्र वाटतो, मलाही वाटला होता. तो पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे. २००८ साली त्यांनी खाडीच्या तोंडाशी मरीना बॅरेज नावाचा बांध घातला, समुद्राला बाहेर ठेवलं, आणि पावसाचं पाणी साठत साठत आतलं खारं पाणी गोडं झालं. भर शहरात, त्या मोठमोठ्या हॉटेलांच्या पायथ्याशी. आपल्या सिद्धेश्वर तलावाचं पाणी शुद्ध करून नळाला सोडावं, तसा प्रकार.

इथे माझी पहिली पेन्सिलची खूण आहे: सासूबाईंची बाटली. तुम्ही ती ‘म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी’ या सुरात लिहिलीत. मला वाटतं, तुमच्या पाच जणांत सिंगापूर खऱ्या अर्थाने बघितलं असेल तर त्यांनीच.

विचार करा. ज्या बाईने आयुष्यभर पाण्याची पाळी सांभाळली, रात्री-अपरात्री उठून मोटार लावली, पिंप भरलं, वर घागर, कळशी, तांब्या, वाटीसुद्धा भरून ठेवली, तिला एका खोलीत नेऊन सांगितलं की हा नळ चोवीस तास चालू असतो आणि हेच पाणी प्यायचं, उकळायचं नाही, गाळायचं नाही. ती काय करील? भरून ठेवील. उद्या आलं नाही तर? रोज भरल्या बाटल्या, म्हणजे रोज रात्री त्यांना वाटलं असणार की हे खरं नाही. आणि शेवटच्या दिवशी पुरावा म्हणून एक बाटली बॅगेत.

त्यांना वाटलं ते काही वेडेपण नव्हतं. त्या देशाकडे पाणी नव्हतंच. पाऊस आपल्या चौपट, पण साठवायला जागा नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात तसले वीस देश मावतील, एवढासा तो जमिनीचा तुकडा. शेजारच्या मलेशियातल्या जोहोरमधून नळाने पाणी येतं, १९६२ च्या कराराने, आणि तो करार २०६१ ला संपतो. उद्या शेजाऱ्याने तोटी बंद केली तर काय, या धास्तीवर त्यांनी सगळी योजना आखली. गटारात जाणारा पाऊस अडवून तलावांत नेला. समुद्राचं पाणी गोडं करायचे कारखाने काढले. आणि २००३ पासून सांडपाणी बारीक पडद्यांतून गाळून, अतिनील किरणांखालून नेऊन पुन्हा वापरायला घेतलं. त्याला ते ‘न्यूवॉटर’ म्हणतात. बरंचसं कारखान्यांना जातं, थोडं तलावांत मिसळतात आणि तिथून फिरून नळाला येतं. (हे शेवटचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवू नका. ती बाटली देव्हाऱ्याशेजारी असेल तर फारच पंचाईत.)

आपल्याकडे शंभरेक किलोमीटरवर उजनी. धरण भरल्याची बातमी आली की आपण पेढे वाटायचे बाकी ठेवतो, आणि आमच्या पेठेत पाणी यायचं तेव्हाच येतं, चार दिवसांआड. कधी पाच. मी इथे राजकारण बोलत नाही, सदर त्यासाठी नाही. पण तुमच्या सासूबाईंनी विमानाने पाणी आणलं ही गोष्ट मला सव्वासहा लाखांतली सगळ्यात मोलाची वाटली. भिशीत ‘कशी झाली ट्रिप’ विचारलं तर हीच सांगा की. बघा, बायका पुढचा अर्धा तास दुसरं काही बोलणार नाहीत.

दुसरी खूण देवळाबाहेरची. ते सेरंगून रोडवरचं वीरमाकाळिअम्मन असेल, नाहीतर चायनाटाउनमधलं मरिअम्मन. मरिअम्मनचं देऊळ १८२७ सालचं, त्या शहरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ, आणि आहे चिनी वस्तीत. नावावरूनच कळतं, आपल्या मरीआईची बहीण. सासूबाईंनी तमिळ बाईशी कन्नडमध्ये अर्धा तास काय बोललं असेल याचा मी बराच विचार केला. कन्नडमध्ये पाणी नीरु, तमिळमध्ये तण्णीर. डोळा कण्णु, तिकडे कण्. दूध हालु, तिकडे पाल्. हाताला तर दोन्हीकडे कै. डोळा, हात, दूध, पाणी एवढं जमलं की दोन म्हाताऱ्यांना आणखी काय लागतं? गुडघे दाखवायला भाषा लागत नाही. सोलापूरची माणसं या बाबतीत मुळातच तयार असतात. एका दुकानात मराठीत भाव करायचा, मालक तेलुगूत पोराला ओरडणार, शेजारचं गिऱ्हाईक कन्नडमध्ये हसणार आणि हिशेब उर्दूमिश्रित हिंदीत होणार. सिंगापूरच्या राजभाषा चार आहेत: मलय, चिनी, तमिळ, इंग्रजी. आपल्याही चारच, फक्त कुणी कागदावर लिहून ठेवलेल्या नाहीत. तेव्हा बस चुकायची वेळ आली म्हणून तुम्ही त्यांच्यावर वैतागला असाल, तर एकदा निवांत बसून विचारा, ती बाई काय म्हणाली. काशीचं पालुपद तिथे अर्धा तास तरी बंद होतं, असा माझा अंदाज आहे.

तिसरी खूण टॉवेलवर. याला मी पेन्सिलने दोनदा गोल केला. तुमच्या सगळ्या पत्रात मिस्टर तीन ठिकाणी येतात. एकदा भांडतात, एकदा ‘नावं ठेवायची नाहीत’ म्हणतात, आणि एकदा हॉटेलचा टॉवेल उलटा करून बघतात. माझी पैज आहे, त्यांनी टॉवेलचा कोपरा चिमटीत धरला असेल, नखाने एक लूप ओढून बघितला असेल, शिवणीची किनार तपासली असेल, हातावर तोलून म्हणाले असतील, ‘पाचशे जीएसएम असेल,’ म्हणजे चौरस मीटरला पाचशे ग्रॅम. बरोबर? माझे सासरे चादरीच्या धंद्यात होते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते पाट उचलून खालची सतरंजी बघायचे. ज्याचं आयुष्य मागावर गेलं त्याला परक्या देशात ओळखीचं माणूस भेटतं ते असं. त्या वेळी तुम्ही हसलात की ‘इथेही तेच का’ म्हणालात? म्हणाला असाल तर ती चूक दुरुस्त होण्यासारखी आहे. आज विचारा, ‘तो टॉवेल आपल्यापेक्षा चांगला होता का हो?’ आणि चहा टाका, कारण उत्तर लांब असणार.

हे मी मुद्दाम सांगतेय. ‘नावं ठेवायची नाहीत’ हे वाक्य तुम्हाला दटावणीसारखं लागलं असेल. मला त्यात दुसरं ऐकू येतं. घराण्यातला पहिला माणूस आई-बायको-पोरांना परदेशी घेऊन गेला. कारखान्याच्या धंद्यात सुताचे भाव काय चाललेत आणि ऑर्डरी कशा येतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, त्यातून त्याने सव्वासहा लाख बाजूला काढले. आणि पहिल्या दिवसापासून आई काशी म्हणतेय, पोरगं मान वर करत नाहीये, बायको भांडतेय. त्याला बापड्याला वाटतंय की ट्रिप बिघडली आणि ती आपल्यामुळे बिघडली. गावात ती चर्चा नको, एवढंच त्याचं म्हणणं. जाऊबाईंना काही सांगायच्या आधी तुम्ही दोघं एकदा बसा. ‘ट्रिप कशी झाली’ या विषयावर बसू नका, ते पुन्हा भांडणात जाईल. फोटो घेऊन बसा. चारशे-पाचशे तरी असतील. त्यातले भिशीला दाखवण्याजोगे सोडून द्या, डोळे मिटलेले, तिरके, चुकून निघालेले तेवढे बघा.

चौथी खूण त्या आजीबाईंची. इथे मात्र मी तुमची समजूत काढणार नाही. तुम्हाला घास गेला नाही ते योग्यच होतं. तिकडच्या हॉकर सेंटरची फार वाखाणणी होते, आणि ती खरीही आहे. २०२० साली युनेस्कोने त्या खाद्यसंस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवलं. शंभर गाळे, स्वस्त जेवण, सगळ्या जातिधर्माची माणसं एका टेबलावर. तिथली एक गोष्ट मला फार आवडली. जागा धरायची तर टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवायचं आणि निर्धास्त जेवण आणायला जायचं, कुणी त्या जागी बसत नाही. आपण एसटीच्या खिडकीतून टॉवेल टाकतो तसंच, फक्त तिथे टॉवेलवरून मारामारी होत नाही. पण त्याच टेबलांमधून पाठीत वाकलेली माणसं ढकलगाडी घेऊन उष्टी भांडी गोळा करत फिरतात. २०२१ पासून गिऱ्हाइकाने आपला ट्रे आपणच परत नेऊन ठेवायचा असा नियम झाला, तरी ती माणसं आहेतच. मी भाचीला विचारलं, एवढ्या श्रीमंत देशात हे का? ती म्हणाली, काहींना हात चालू राहावेत म्हणून आवडतं, काहींना करावंच लागतं, आणि कुणाचं काय आहे ते विचारायची आपली हिंमत होत नाही. रस्त्यावर तुम्ही मालट्रकच्या हौद्यात बसून कामावर जाणारी आपल्याकडची पोरंही बघितली असतील, तमिळनाडूची, बांगलादेशची. रविवारी संध्याकाळी लिटिल इंडियात तीच पोरं फूटपाथवर बसून घरी फोन लावतात. ते चकाचक शहर त्यांनीच बांधलंय.

फक्त एक विचारते, रागावू नका. आपल्या पूर्व भागात सत्तरीच्या आज्या उंबऱ्यात बसून विड्या वळतात. सुपात पानं, मांडीवर तंबाखू, बोटं यंत्रासारखी. त्यांच्यासमोरून आपण रोज जातो. मी स्वतः किती वर्षं गेले असेन, मला कधी घास अडला नाही. सिंगापूरहून परत आल्यावर महिनाभराने एकदा अडला. परदेशात जाऊन हेही होतं. टूरच्या कागदावर ते छापता येत नाही.

मुलांचं मी फार लिहीत नाही. दहावीतला मुलगा आईबापांबरोबर खूश दिसला असता तर मला काळजी वाटली असती. मुलगी रांगेत रडली कारण रांग लांब होती.

आता भिशी आणि जाऊबाई. या दोघींना एकाच पारड्यात घालू नका. लग्नात भेटलेली बाई ‘कशी झाली ट्रिप’ विचारते ते ‘जेवलात का’ विचारल्यासारखं. त्यावर ‘मस्त’ म्हणणं खोटं बोलणं नव्हे, रीत आहे. त्यासाठी घरी येऊन कसंतरी वाटून घेऊ नका. जाऊबाईंचं वेगळं. त्यांच्या हातात पैसे आहेत आणि भरायचे की नाही ते ठरायचंय. तिथे ‘मस्त’ म्हणालात तर नंतर ऐकावं लागेल, आणि ‘जाऊ नका’ म्हणालात तर ‘स्वतः जाऊन आल्या आणि आम्हाला नको म्हणतात’ हे सासरच्या चार घरांत फिरेल. म्हणून निकाल देऊच नका. माहिती द्या. मिस्टरांनाही त्याला हरकत घेता येणार नाही, माहितीला कुणी नावं ठेवणं म्हणत नाही.

त्यांना सांगा, मुंबईत एक रात्र झोपून मगच विमानात बसा, नातेवाइकाच्या घरी झोपा, लॉजवर झोपा, पण झोपा. पोचल्याच्या दिवशी काही बघणार नाही असं टूरवाल्यांकडून आधी कबूल करून घ्या, नाहीतर हॉटेलची खोली सकाळपासून मिळेल असं पैसे टाकून ठरवा. त्या पैशांत एक भांडण वाचतं. कार्यक्रमपत्रिकेत ‘फोटो स्टॉप’ लिहिलं असेल तिथे बस दहा-पंधरा मिनिटं थांबते, ‘ओरिएंटेशन टूर’ लिहिलं असेल तिथे बहुतेक थांबतच नाही, काचेतून दाखवतात. एकेका ओळीपुढे किती वेळ ते पेनाने लिहून घ्या. आणि पाचांतला एक दिवस कोरा मागा.

कोऱ्या दिवसाला काय करायचं? तिकडची मेट्रो धरा, आजीबाईंनाही चढता येते, सगळीकडे लिफ्ट आहे. आत खायचं-प्यायचं नाही, पाचशे डॉलरपर्यंत दंड. तिथला एक डॉलर म्हणजे आपले सत्तरच्या आसपास रुपये, म्हणजे शेंगापोळीचा एक घास तीस-पस्तीस हजारांना पडेल. बोटॅनिक गार्डनला तिकीट नाही, आणि ते युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. संध्याकाळी गार्डन्स बाय द बेमध्ये त्या लोखंडी महावृक्षांखाली गवतावर आडवं व्हा, पावणेआठ आणि पावणेनऊला दिवे आणि संगीताचा खेळ असतो, फुकट. मी तो चार वेळा बघितला, दोनदा तर डोळे मिटूनच. दिवाळीच्या आधी सेरंगून रोड दिव्यांनी भरलेला असतो, आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी त्या मरिअम्मनच्या देवळात निखाऱ्यांवरून चालतात. मात्र नोव्हेंबरपासून तिथे पाऊस वाढतो. छत्री बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

आणि सिंहाच्या पुतळ्यापासून ज्युबिली पूल ओलांडला की दहा-पंधरा मिनिटांवर एस्प्लनेड पार्क आहे, तिथे आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. टूरची बस तिथे सहसा थांबत नाही. जुलै १९४५ मध्ये नेताजींनी स्वतः कोनशिला बसवली, दोन महिन्यांत इंग्रज परत आले आणि त्यांनी स्मारक पाडून टाकलं, १९९५ साली त्या जागी ही खूण उभी राहिली. शेजारचं मोठं मैदान म्हणजे पदांग. जुलै १९४३ मध्ये सेनेसमोर ‘चलो दिल्ली’ झालं ते तिथेच, आणि २१ ऑक्टोबरला हंगामी सरकारची घोषणा त्याच शहरातल्या कॅथे इमारतीत. आपण चार हुतात्म्यांच्या गावची माणसं, १२ जानेवारीला पुतळ्यांना हार घालतो. एवढ्या लांब जाऊन सिंहासोबत फोटो काढायचा आणि हे पंधरा मिनिटांवर राहून जायचं, हे मला स्वतःच्या बाबतीत फार लागलं. मला ते सोलापूरला परत आल्यावर कळलं.

एक खासगीतलं. जाऊबाईंच्या घरात कुणी मावा, गुटखा किंवा तंबाखूची पुडी बाळगत असेल तर ती सोलापुरातच राहू द्या. खायचा तंबाखू तिथे न्यायलाच बंदी आहे, च्युइंगगमसुद्धा १९९२ पासून नाही. विमानतळावर उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा ऑनलाइन फॉर्म त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट असतो. त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

कृतघ्न वगैरे तुम्ही नाही. पैसे किती गेले यावर आनंद किती व्हावा हे ठरत असतं, तर लग्नाच्या मांडवात वधूपिता सगळ्यात जास्त हसला असता.

ती बाटली अजून असेल तर फेकू नका, आणि पिऊही नका, महिने झालेत. मुलीला तिच्यावर चिठ्ठी चिकटवायला सांगा, तारीख आणि गाव घालून. उत्तर थोडं घाईत संपवतेय. आमच्या पेठेत पाण्याची पाळी पहाटेची आहे, मोटार मलाच लावायची असते.